नॅस बंद पडला म्हणजे फाइली गेल्या असं नाही: घरच्या नेटवर्क स्टोरेजमधला डेटा परत कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी घरात दोन खणांचा नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कांची पेटी, आहे. त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर. मे अखेरीस वळवाच्या पावसात लाइट दोन-चार वेळा आली-गेली. तेव्हापासून पेटीचा निळा दिवा नुसता लुकलुकतो आणि ती नेटवर्कवर दिसत नाही. एक डिस्क काढून विंडोज लॅपटॉपला लावली तर ‘फॉरमॅट करायचं का’ असं विचारलं जातं. दुकानदार म्हणतो, डिस्क गेली, फॉरमॅट करून वापरा. आत घरचे सगळे फोटो आहेत, बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आहे आणि आजोबांच्या नावाच्या खासरा पाहणी पत्रकाचे व जुन्या सातबाऱ्यांचे स्कॅन आहेत.

फॉरमॅट करू नका. विंडोजला ती डिस्क वाचता येत नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ आहे. घरगुती नॅस सहसा आतून लिनक्सवर चालतो आणि डेटा एक्स्ट ४ किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीत) ठेवतो. विंडोजला या दोन्ही कळत नाहीत, म्हणून पूर्ण धडधाकट डिस्कलासुद्धा ते फॉरमॅटच सुचवतं. रद्द करा, लॅपटॉप बंद करा आणि डिस्क काढून ठेवा. कोणी आधीच ‘इनिशियलाइज’ दाबलं असेल तरी घाबरू नका. त्याने सहसा फक्त पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या भागांचा, तक्ता बदलतो आणि टेस्टडिस्कसारख्या प्रोग्रॅमने जुनी पार्टिशनं बहुतेक वेळा शोधता येतात. फॉरमॅट मात्र फाइल सिस्टीमच्या सुरुवातीच्या भागावरच नवं लिहितं. तिथून पुढचं काम फार अवघड होतं.

यापुढचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: मूळ डिस्कवर एक अक्षरही नवं लिहिलं जाऊ द्यायचं नाही. आधी तिची प्रत काढायची आणि जे काही प्रयोग करायचे ते प्रतीवर करायचे.

पण त्याआधी नेमकं काय बंद पडलंय ते पाहू. लाइटच्या गडबडीनंतर बंद पडलेल्या पेटीत पहिला संशयित म्हणजे ॲडॉप्टर. दोन खणांच्या पेटीला साधारण १२ व्होल्ट, ५ ॲम्पियरचा ॲडॉप्टर असतो. आतले कपॅसिटर कमकुवत झाले की मल्टिमीटरवर बिनलोडचे १२ व्होल्ट अगदी बरोबर दिसतात, पण डिस्क फिरायला लागली की व्होल्टेज कोसळतं. एक ३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दीड ते दोन ॲम्पियर ओढते, म्हणजे दोन डिस्क एकदम सुरू झाल्या की ॲडॉप्टरचा कस लागतो. लोड असताना ११.४ च्या खाली आकडा गेला तर ॲडॉप्टर बदला. डिस्क फिरते, थांबते, पुन्हा फिरते असा आवाज येत असेल तरी आधी ॲडॉप्टरच तपासा. डिस्क मेली असा निष्कर्ष घाईने काढू नका.

ॲडॉप्टर बदलताना एक गोष्ट जिवावर बेतते. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या ॲडॉप्टरची पिन अनेकदा नॅसच्या सॉकेटमध्ये व्यवस्थित बसते. पिन बसली म्हणजे ॲडॉप्टर चालतो असं नाही. १९ व्होल्ट गेले तर पेटीबरोबर दोन्ही डिस्कचे बोर्ड एका झटक्यात जळू शकतात. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि आतली पिन पॉझिटिव्ह आहे ना ते लेबलवरच्या चिन्हावर पाहा.

आता दोन्ही डिस्क बाहेर काढा. काढण्याआधी पेटीचा फोटो घ्या, काढल्यावर प्रत्येक डिस्कवर कागदी चिकटपट्टी लावून ‘खण १’, ‘खण २’ असं लिहा आणि लेबलवरच्या सीरियल नंबरचाही फोटो घ्या. तो पुढे लागणार आहे. डिस्क नसलेली पेटी चांगल्या ॲडॉप्टरवर सुरू करा. थोड्या वेळात दिवा स्थिरावला, बीप वाजली किंवा ‘डिस्क नाही’ अशी खूण आली तर बोर्ड जिवंत आहे. दहा मिनिटांनीही नुसता लुकलुकतच राहिला तर बोर्ड गेला. बोर्ड जाणं ही डेटाच्या दृष्टीने त्यातल्या त्यात बरी बातमी आहे, कारण डेटा बोर्डावर नसतो. इंटेलच्या ॲटम सी२००० प्रोसेसरमधला दोष २०१७ मध्ये उघड झाला. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या पेट्या एक दिवस सुरूच होईनाशा झाल्या, पण त्यातल्या डिस्कना त्याने काही होत नव्हतं.

पेटीमागच्या रीसेटच्या भोकात टाचणी घालू नका. काही पेट्यांत त्याने फक्त पासवर्ड जातो, काहींत सगळी सेटिंगं पुसली जातात, आणि तुमची कोणती ते ऐनवेळी पाहायचं नसतं. तसंच एक नवी डिस्क घालून ‘रिपेअर’ किंवा ‘रीबिल्ड’ही दाबू नका. रीबिल्ड म्हणजे उरलेल्या एकमेव चांगल्या डिस्कला पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यापासून) शेवटपर्यंत वाचायला लावणं. ती डिस्क दुसरीच्याच वयाची आहे, त्याच खोलीत, त्याच लाइटवर चाललेली आहे. तिच्याकडून तेवढं काम एकदाच करून घ्यायचं असेल तर ते प्रत काढण्यासाठी घ्या.

डिस्क जोडायला जुना डेस्कटॉप सर्वात चांगला. थेट साटा पोर्ट आणि एसएमपीएसचा भक्कम पुरवठा मिळतो. नसेल तर स्वतःचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी ३ डॉक (डिस्क बाहेरून जोडायचा स्टँड) घ्या. लॅपटॉपच्या लहान डिस्कसाठी मिळणारी स्वस्त यूएसबी केबल ३.५ इंची डिस्क फिरवू शकत नाही, कारण तिच्यात १२ व्होल्ट नसतात. ‘डिस्क डिटेक्टच होत नाही’ या तक्रारीमागे कितीदा तरी एवढंच कारण असतं. जुने डॉक २ टीबीच्या वरची डिस्क चुकीच्या आकाराची दाखवतात. काही डॉक सेक्टरचा आकार बदलून सांगतात, मग पार्टिशनं दिसत नाहीत. डिस्क रिकामी दिसली तर आधी डॉक बदलून पाहा.

डेस्कटॉपमधली विंडोजची डिस्क या कामापुरती काढून ठेवा. घाईत चुकीच्या डिस्कवर लिहिलं जाण्याची शक्यताच उरत नाही. पेनड्राइव्हवर उबुंटू (लिनक्सचा एक मोफत प्रकार) टाकून ‘ट्राय उबुंटू’ने सुरू करा. काही जादा पॅकेजं उतरवावी लागतील, त्यासाठी मोबाइलचं यूएसबी टेदरिंग पुरतं. कोणती उबुंटू हे महत्त्वाचं आहे: सायनॉलॉजी कंपनीच्या पेटीत बीटीआरएफएस असेल तर १८.०४ सारखी जुनी आवृत्ती घ्या. त्यांच्या बीटीआरएफएसमध्ये कंपनीने केलेले बदल आहेत आणि नवे कर्नेल (लिनक्सचा गाभा) चांगल्या व्हॉल्यूमलाही ‘करप्ट लीफ’ म्हणून माउंट करायला (वापरासाठी उघडायला) नकार देतात. तो संदेश पाहून डेटा खराब झाला असं समजून दुरुस्तीची कमांड चालवणं ही या कामातली सर्वात महागडी चूक आहे.

(खाली कमांडांची नावं नागरीत दिली आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत, सुडो लावून.)

एका वेळी एकच मूळ डिस्क जोडा. एलएसबीएलके कमांडला मॉडेल आणि सीरियल दाखवायला सांगा आणि तो सीरियल फोटोशी ताडून घ्या. एसडीबी, एसडीसी ही नावं मशीन रीस्टार्ट झालं की बदलू शकतात, सीरियल बदलत नाही. लगेच ब्लॉकडेव्ह कमांडने त्या डिस्कला ‘सेट आरओ’ करा, म्हणजे ती फक्त वाचण्यापुरती राहील.

मग स्मार्टसीटीएल कमांडने डिस्कची तब्येत, म्हणजे तिने स्वतः ठेवलेली ‘स्मार्ट’ नोंद, पाहा. डॉकवर असेल तर ‘डी’ स्विचला (स्विच म्हणजे कमांडपुढे आडवी रेघ घालून लिहायचं अक्षर) ‘सॅट’ द्यावं लागतं. ‘पास्ड’ या शब्दावर विसंबू नका, तो मरायला टेकलेल्या डिस्कलाही मिळतो. शेवटच्या रकान्यातले कच्चे आकडे पाहा. ५ क्रमांक म्हणजे बदली दिलेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर. १९८ म्हणजे तपासणीतही न वाचलेले. हे तिन्ही शून्य असतील तर डिस्क बहुधा ठीक आहे. १९७ शून्याच्या वर असेल तर फाइली एकेक करून कॉपी करायच्या भानगडीत पडू नका, थेट प्रत काढायला घ्या. फाइली ओढताना हेड (डिस्कमधला वाचणारा भाग) डिस्कभर उड्या मारतं आणि अडलेल्या सेक्टरवर सिस्टीम पुन्हा पुन्हा धडका देते. दुखऱ्या डिस्कला ते सोसत नाही. १९९ चा आकडा एकटाच मोठा असेल तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा आहे, प्लॅटरचा (आतल्या तबकडीचा) नाही. केबल बदला.

डिस्क अजिबात फिरत नसेल आणि लाइटच्या झटक्यानंतर हे झालं असेल, तर तिच्या हिरव्या बोर्डावरचे टीव्हीएस डायोड तपासण्यासारखे असतात. पॉवर कनेक्टरजवळ दोन काळे चौकोनी तुकडे असतात, एक १२ व्होल्टच्या लाइनवर, एक ५ च्या. जास्त व्होल्टेज आलं की ते स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतात. डिस्क कशालाही जोडलेली नसताना मल्टिमीटरने त्यांची दोन टोकं मोजा. शून्याच्या जवळ ओहम आले तर तो डायोड कामी आलाय. मोबाइल दुरुस्तीवाला हॉट एअरने तो काढून देऊ शकतो आणि त्यानंतर बरेचदा डिस्क फिरते. मात्र तिचं संरक्षण आता गेलेलं असतं, त्यामुळे खात्रीच्या पुरवठ्यावर एकदाच लावा, प्रत काढा आणि निवृत्त करा. ‘त्याच मॉडेलचा बोर्ड आणून बदला’ हा सल्ला आता चालत नाही. बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये त्या एका डिस्कची स्वतःची मापं असतात, ती चिप जुन्या बोर्डावरून नव्यावर उतरवावी लागते.

टक-टक आवाज येत असेल, किंवा खरवडल्यासारखा आवाज असेल, तर तिथेच थांबा. ती डिस्क पुन्हा लाइटला लावू नका. फ्रीजरमध्ये ठेवणं, ठोकणं, झाकण उघडून हेड सरकवणं यांतलं काहीही करू नका. रेड १ असल्यामुळे तुमच्याकडे अजून दुसरी डिस्क आहे, तिच्याकडे वळा.

प्रत काढण्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू वापरा. उबुंटूत पॅकेजच्या नावाआधी एक जादा ‘जी’ लागतो, कमांड मात्र डीडीरेस्क्यूच. प्रत ज्यावर घ्यायची ती डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा मोठी हवी. ४ टीबीच्या डिस्कवर ५१२ बाइटचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात आणि कंपनी बदलली तरी हा आकडा सहसा तोच असतो. पण माझा सल्ला ८ टीबीची एक डिस्क घेऊन त्यावर इमेज फाइल (पूर्ण डिस्कची एका फाइलमधली प्रत) बनवण्याचा आहे. फाइलवर चुकून काही लिहिण्याची शक्यता कमी राहते, आणि काढलेला डेटा ठेवायलाही जागा उरते. त्या ८ टीबी डिस्कला एक्स्ट ४ करा. एफएटी ३२ केलंत तर ४ जीबीच्या वरची एकही फाइल मावणार नाही.

कमांडमध्ये क्रम असा: आधी मूळ डिस्क, मग इमेज फाइल, मग मॅप फाइल (काम कुठवर झालं त्याची नोंद). पहिल्या दोघांची अदलाबदल झाली तर मूळ डिस्कच पुसली जाण्याचा धोका असतो, म्हणून एंटर दाबण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचा. पहिल्या फेरीला ‘एन’ स्विच लावा. त्याने चांगला भाग आधी भराभर उचलला जातो आणि दुखऱ्या जागा सोडून दिल्या जातात. ती संपली की दुसऱ्या फेरीत ‘डी’ आणि ‘आर ३’ देऊन फक्त राहिलेल्या जागांवर तीन प्रयत्न करा. मॅप फाइल कधीही वगळू नका, आणि ती पेनड्राइव्हवरच्या तात्पुरत्या उबुंटूत नव्हे, ८ टीबीच्या डिस्कवर ठेवा. लाइट गेली, मशीन अडकलं, डॉक निसटला, तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम होतं तिथून पुढे सुरू होतं.

वेळेचा हिशोब आधी करा. सेकंदाला १५० एमबीच्या वेगाने ४ टीबी वाचायला साडेसात तास लागतात. चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लावलं तर ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो आणि तेच काम ३२ तासांवर जातं. वेग एकदम केबीवर उतरला तर डिस्क आजारी भागात शिरली आहे. तापमान पाहा, गरज वाटली तर थांबवून तासाभराने पुन्हा लावा.

तापमानाचं आपल्याकडे विशेष सांगायला हवं. मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ ला असतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर दुपारी खोलीच तापलेली असते. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, आणि बंद डॉकमध्ये सलग वाचन करणारी डिस्क खोलीच्या तापमानाच्या वर सहज १५ अंश जाते. काम संध्याकाळी सुरू करा आणि रात्रभर चालू द्या. डिस्क उघड्यावर, लाकडी पाटावर आडवी ठेवा आणि टेबल फॅनचा वारा थेट तिच्यावर सोडा. कूलरसमोर ठेवू नका, ओलसर हवा आणि तुषार नकोत. स्मार्टमधला १९४ क्रमांक तापमान सांगतो. तो ५० च्या आत राहिला पाहिजे. ५५ दिसले की थांबवा.

लाइटचंही तसंच. घरचा इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाइट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात डेस्कटॉप बंद पडतो. मागे किंवा पुढे ‘यूपीएस’ असं बटण असेल तर त्यावर ठेवा, नाहीतर संगणकाचा ६०० व्हीएचा यूपीएस मधे घाला. आकाशात गडगडायला लागलं, किंवा डीपीवरून व्होल्टेज कमी-जास्त होतंय असं पंख्याच्या आवाजावरून कळलं, की काम थांबवून प्लग उपसून ठेवा. लॅनची केबलही काढा, झटका तिच्यावाटेही येतो. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग सर्ज प्रोटेक्टर लावलेला असूनही निरुपयोगी ठरतो. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओता आणि वायरमनकडून फेज ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. ते फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं.

इमेज तयार झाली की मूळ डिस्क काढून ठेवा. मूळ आणि प्रत एकाच वेळी जोडलेली असणं धोक्याचं आहे. दोन्हींवर एकच ओळख क्रमांक असतो, सिस्टीम गोंधळते, आणि बीटीआरएफएसमध्ये तर त्या गोंधळातून नुकसान होऊ शकतं.

आता एलओसेटअप कमांडने इमेज ‘आर’ आणि ‘पी’ स्विच देऊन जोडा. ‘आर’ म्हणजे फक्त वाचन, ‘पी’ म्हणजे आतली पार्टिशनं दाखव, आणि हा ‘पी’ मात्र मोठ्या (कॅपिटल) अक्षरात टाइप करा. सायनॉलॉजीच्या डिस्कवर पहिलं पार्टिशन सिस्टीमचं, २.४ किंवा ८ जीबीचं. दुसरं २ जीबीचं स्वॅप. आणि तिसरं किंवा पाचवं, सर्वात मोठं, ते तुमच्या डेटाचं. एमडीएडीएम (रेड हाताळणारं) आणि एलव्हीएम २ (डिस्कच्या जागेची वाटणी हाताळणारं) ही पॅकेजं टाका आणि त्या मोठ्या पार्टिशनवर एमडीएडीएमचं ‘एक्झॅमिन’ चालवा. ही कमांड काही लिहीत नाही, फक्त माहिती देते.

त्या माहितीतल्या तीन ओळी नीट वाचा: ‘अपडेट टाइम’, ‘इव्हेंट्स’ (झालेल्या बदलांचा मोजणी आकडा) आणि ‘ॲरे स्टेट’ (ॲरे म्हणजे रेडमधली डिस्कांची जोडी). दोन्ही डिस्कच्या इमेज घेतल्या असतील तर त्या शेजारी ठेवून वाचा. समजा एकीवर अपडेट टाइम मेमधला आहे, इव्हेंट्सचा आकडा मोठा आहे आणि ॲरे स्टेटमध्ये एक ‘ए’ व एक टिंब आहे. दुसरीवर अपडेट टाइम गेल्या दिवाळीतला, इव्हेंट्स कमी, आणि स्टेटमध्ये ‘ए ए’. पहिल्या नजरेला दुसरी जास्त निरोगी वाटते, पण खरं उलट आहे. दुसरी डिस्क दिवाळीतच जोडीतून बाहेर पडली होती आणि त्यानंतर काय झालं ते तिला कळलेलंच नाही, म्हणून ती अजून ‘दोघी आहेत’ असं सांगते. तिच्यावरचा डेटा दिवाळीपर्यंतचा आहे. कामाची ती मेमधली. पेटीने तेव्हा बीप वाजवून किंवा केशरी दिव्याने सूचना दिलेली असणार, आणि कोपऱ्यात ठेवलेल्या पेटीकडे कोणाचं लक्ष गेलं नसणार. हे अतिशय नेहमीचं आहे. म्हणून दोन डिस्क हाताशी असताना ‘कोणतीही एक चालेल’ असं धरून चालू नका.

मग एमडीएडीएमला ‘असेंबल’, ‘रन’ आणि ‘रीडओन्ली’ हे तीनही सांगून त्या एकाच डिस्कवर ॲरे उभा करा. ‘क्रिएट’ हा शब्द कोणत्याही परिस्थितीत वापरू नका. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी तो उपाय म्हणून दिलेला सापडतो. तो नवा ॲरे बनवतो आणि जुन्याच्या खुणांवर लिहितो. प्रॉकमधली एमडीस्टॅट फाइल पाहून ‘रीसिंक’ चालू नाही याची खात्री करा.

पेटीत एसएचआर (सायनॉलॉजीची स्वतःची रेड पद्धत) निवडलेलं असेल तर मध्ये एलव्हीएमचा थर असतो. व्हीजीचेंज कमांडला ‘ए वाय’ दिलं की तो जागा होतो आणि व्हीजी १००० किंवा व्हीजी १ नावाने व्हॉल्यूम दिसतं. साधं रेड १ असेल तर ॲरेवर बहुतेक थेट फाइल सिस्टीम असते. आता माउंट करा: एक्स्ट ४ असेल तर ‘आरओ’ आणि ‘नोलोड’ दोन्ही द्या. नुसत्या ‘आरओ’ने लिनक्स जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंद) पुन्हा चालवायला बघतं, आणि ते लिहिणंच असतं. बीटीआरएफएस असेल तर ‘आरओ’ द्या, अडलं तर सोबत ‘यूजबॅकअपरूट’.

माउंट झालं की आधी मोठ्या फोल्डरकडे धावू नका. खासरा पत्रकांचे आणि सातबाऱ्यांचे स्कॅन काही एमबींचेच असतील. ते पहिल्या मिनिटात वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. मग फोटो, आणि व्हिडिओ शेवटी. आरसिंकने कॉपी करा आणि त्रुटींची नोंद फाइलमध्ये ठेवा. नावं देवनागरीत असतील तर एक्स्ट ४ वर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे आणि नागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. एनटीएफएसवर ही अडचण येत नाही, पण तिथे नावातला विसर्गासारखा दिसणारा इंग्रजी कोलन आणि प्रश्नचिन्ह विंडोजला चालत नाही.

माउंटच झालं नाही तर? एक्स्ट ४ मध्ये सुपरब्लॉकच्या (फाइल सिस्टीमची मूळ माहिती असलेल्या भागाच्या) प्रती असतात, नेहमीच्या ४ केबी ब्लॉकला त्या ३२७६८ आणि ९८३०४ क्रमांकाच्या ब्लॉकवर. माउंटला ‘एसबी’ म्हणून १३१०७२ द्या (तो आकडा १ केबीच्या हिशोबाने लागतो, म्हणून चौपट). इ२एफएससीके फक्त ‘एन’ स्विचसह, म्हणजे नुसतं पाहण्यापुरतं. खरी दुरुस्ती करायची झालीच तर इमेजची आणखी एक प्रत काढून तिच्यावर. बीटीआरएफएससाठी ‘रिस्टोअर’ ही उपकमांड आहे, ती माउंट न करता फाइली बाहेर काढते. ‘रिपेअर’ला हात लावू नका.

लिनक्स जमणारच नसेल तर विंडोजवर आर-स्टुडिओ, यूएफएस एक्सप्लोररसारखे प्रोग्रॅम रेड, एलव्हीएम आणि बीटीआरएफएस ओळखतात. ते विकतचे आहेत, पण चाचणी आवृत्तीत फोल्डरांची यादी आणि फोटो दिसतात, ते पाहूनच पैसे भरा. तेही इमेजवरच चालवा. सगळं फसलं तर फोटोरेक उरतं. ते फाइलींच्या अंतर्गत खुणांवरून फोटो आणि पीडीएफ शोधतं, पण नावं आणि फोल्डर जातात. हजारो फोटोंची नावं आकड्यांची होतात, तरी फोटो मिळतात.

तुमची पेटी वेगळी असेल तर काही फरक आहेत. रेड ० (डेटा दोन्ही डिस्कवर वाटून ठेवलेला) किंवा जोडून एक केलेल्या डिस्क असतील तर दोन्हींची इमेज लागतेच. रेड ५ मध्ये चारपैकी तीन पुरतात, पण ज्या तीन घ्याल त्यांचे इव्हेंट्स जवळपास सारखे हवेत. क्यूनॅप कंपनीच्या नव्या पेट्यांत एलव्हीएममध्ये कंपनीचे बदल आहेत, साधी उबुंटू तिथे अडते, वरचे विकतचे प्रोग्रॅम बरे. जुन्या माय बुक लाइव्ह या नॅसवर एक्स्ट ४ चा ब्लॉक ६४ केबीचा आहे, तो साध्या संगणकावर माउंट होत नाही, डीबगएफएसने काढावा लागतो. फोल्डर एन्क्रिप्ट केलेलं असेल आणि नावं ‘ईक्रिप्टएफएस’ने सुरू होणारी अगम्य दिसत असतील, तर पासवर्ड किंवा की फाइल शोधा, तिच्याविना कोणतीही लॅब काही करू शकत नाही.

लॅबकडे जायचं कधी? दोन्ही डिस्क फिरत नसतील, टक-टक करत असतील, किंवा पहिल्या फेरीनंतरही मोठा भाग वाचला गेला नसेल तेव्हा. हेड बदलण्याचं काम क्लीन रूममध्येच होतं. छत्रपती संभाजीनगरातल्या किंवा नांदेडच्या दुकानात डिस्क दिलीत तर ती पुढे पुण्या-मुंबईलाच जाते का ते आधी विचारा. जात असेल तर स्वतः न्या, मधे एक हात कमी. लेखी घ्यायच्या गोष्टी: तपासणीची फी किती, डेटा न मिळाल्यास किती, पैसे देण्याआधी फाइलींची यादी दाखवणार का, आणि मूळ डिस्क परत मिळणार का. ‘आधी आम्ही झाकण उघडून पाहू’ असं काउंटरवर म्हणणाऱ्याकडे देऊ नका. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर फोम लावून न्या. कुरिअरपेक्षा देवगिरी एक्स्प्रेसमध्ये मांडीवर घेऊन गेलेली डिस्क जास्त सुरक्षित पोहोचते. दोन्ही डिस्क न्या, खणांच्या क्रमांकाच्या पट्ट्यांसह, आणि आतापर्यंत काय काय केलं ते एका कागदावर खरंखरं लिहून द्या. लपवलेला एक प्रयोगही त्यांचा वेळ आणि तुमचे पैसे खातो.

फाइली हाती आल्यावर संख्या आणि एकूण आकार जुळला म्हणून थांबू नका. डीडीरेस्क्यूने न वाचलेल्या जागी इमेजमध्ये रिकामं राहतं, फाइलचा आकार मात्र पूर्ण दिसतो. फोटोचा खालचा अर्धा भाग करडा येणं ही त्याची खूण. लग्नाचा व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहा. स्कॅनची प्रत्येक पीडीएफ उघडा, गट नंबर आणि क्षेत्राचा आकडा वाचता येतो का ते पाहा. खराब निघालेल्या फाइलींची यादी करा, त्या दुसऱ्या डिस्कच्या इमेजमध्ये, जुनी का असेना, चांगल्या मिळण्याची बरीच शक्यता असते. दिवाळीपर्यंतचा डेटा असलेली ती मागे पडलेली डिस्क इथे कामी येते.

सगळं तपासून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवेपर्यंत जुन्या दोन्ही डिस्क जशाच्या तशा राहू द्या. नवी पेटी आणलीत तर तिच्यात नव्याच डिस्क घाला, कारण बहुतेक पेट्या पहिल्या सेटअपमध्ये आतल्या डिस्क पुसतात. आणि पेटीच्या सेटिंगमध्ये ईमेलची सूचना चालू करून महिन्यातून एकदा स्मार्टची लांब चाचणी लावून ठेवा. जोडीतली एक डिस्क बाहेर पडली तर ते त्याच दिवशी मोबाइलवर कळेल.